मी तो डोंगर पाहिलेला नाही

मी एक पतंग बोलतोय. दोरी धरून आभाळाकडे बघू नका, मी तो नव्हे. दिव्याभोवती घिरट्या घालणारे किडे असतात ना, त्यांच्या कुळातला मी, आणि त्या कुळातलं अगदी शेंडेफळ. पंख मिटून बसलो तर तिळाहून जेमतेम लांब. तुमच्या बाहीवर बसलो असतो तर धूळ समजून तुम्ही मला झटकलं असतं आणि पुढच्या कामाला लागला असता.

मी चिडून बोलणार आहे. एवढ्याशा जिवाचा राग लोक हसण्यावारी नेतात, ते मला ठाऊक आहे. तेवढं करू नका. एका बाईने मला मारलं, ते मी सोसलं. पण नंतर एका साहेबांनी माझं ते मरणही फुकट घालवलं, ते काही केल्या सोसत नाही.

माझ्या आईने मला तुतीच्या पानाच्या खालच्या अंगाला चिकटवलं आणि ती उडून गेली. आमच्यात बाळंतपण म्हणतात ते एवढंच. अंड्यातून बाहेर असा मी आलोच नाही, तळाला भोक पाडून थेट पानात शिरलो. तुम्हाला पान कागदासारखं वाटतं. मला ते घर होतं. वर एक पापुद्रा, खाली एक पापुद्रा आणि मधे हिरवा गर. त्या दोन पापुद्र्यांच्या मधे आडवा पडून मी खात सुटलो. आधी दोऱ्यासारखी बारीक रेघ पडली, मग रेघेचा फुगून फोड झाला. जरा मोठा झाल्यावर मी आतून रेशमाचे धागे ताणले, तेव्हा खालचा पापुद्रा आक्रसला आणि पान तंबूसारखं वर उचललं गेलं. वीस दिवस मी तिथे राहिलो. अख्खं पानही लागलं नाही मला, अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा पुरला.

त्या वीस दिवसांत मी ऐकलेला पहिला माणसाचा आवाज नगरपालिकेच्या माळ्याचा. त्याने पान उलटं करून पाहिलं आणि सोबतच्याला म्हणाला, "नागअळी लागलीय. फवारा मारायला लागणार." मी ना नाग, ना मी त्या झाडाचं काही वाकडं केलेलं. हजारो पानांच्या झाडाला माझ्या नखभर जेवणाचं काय ओझं? पण फवाऱ्याचा पंप बिघडलेला होता आणि तो दुरुस्त व्हायला महिना लागला. पंप बिघडला म्हणून मी जगलो. माणसांच्या दयेवर जगलो असं कुणी म्हणू नये.

आमची झाडं चार होती, गल्लीच्या टोकाला, सांडपाण्याच्या नाल्याकाठी. त्यांना पाठ लावून घड्याळदुरुस्तीचं एक दुकान होतं. आत दोन माणसं बसली तर तिसऱ्याने पायरीवर उभं राहायचं, एवढंसं. ते दुकान एक बाई चालवायची, पन्नाशी ओलांडलेली. वडिलांकडून तिला दुकान मिळालं, डोळ्याला लावायचं भिंग मिळालं आणि बारीक बघायची खोड मिळाली. पुढे लोक फोनमधे वेळ बघायला लागले. घड्याळं कमी झाली, खोड मात्र गेली नाही. रिकाम्या दुपारी ती तेच भिंग लावून दुकानामागची पानं बघू लागली. पानावरच्या रेघा आणि फोड कुणाचे, हे तिला कळेना. कळेना म्हणून तिने जुनी पुस्तकं मिळवली, शब्दकोश घेऊन ती वाचली, आणि पंधरा वर्षं वह्या भरल्या. झाड कुठलं, फोड पानाच्या वरच्या अंगाला की खालच्या, त्यात अळी आहे की रिकामा, तारीख कोणती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं.

गल्लीतली माणसं थट्टा करायची. "बाई, घड्याळं बघता की पाला?"

"दोन्ही बघते," ती म्हणायची. "काय चालू आहे आणि काय बंद पडलंय ते."

माझं पान तिने तोडलं तेव्हा मी कोषात गेलो होतो. बाहेर आलो तो एका काचेच्या बाटलीत. तळाला ओला कापूस, तोंडाला पातळ फडकं. काचेवर चढून मी पंख वाळवले. सोनेरी पंख, त्यावर पांढरे तिरपे पट्टे, कडेला झालर. खोटं कशाला बोलू, मी देखणा होतो. सकाळी ती आली, भिंग लावून बाटलीशी वाकली आणि बराच वेळ बघत राहिली.

"किती सुंदर आहेस रे," ती म्हणाली, आणि बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेवली.

मला पंख फुटून पुरता एक दिवसही झाला नव्हता. एकदाही उडालो नव्हतो मी. गारठा पायांकडून वर चढत असताना बाहेरचं बोलणं कानावर आलं. तिचा नवरा बसडेपोत होता, गाड्या कधी सुटल्या आणि कधी परतल्या त्याच्या वेळा लिहायचा.

"अगं, मटाराच्या पिशवीशेजारी हे काय ठेवलंयस?"

"पतंग आहे."

"मेलेला?"

"होईल थोड्या वेळात."

"या घरात बर्फ मागायची चोरी झालीय," तो म्हणाला, आणि त्याने गुपचूप मटार दुसऱ्या बाजूला सरकवले.

त्यानंतर मी हललो नाही. मेलेल्याला ऐकू येत नाही असं तुम्ही समजता, समजा. मला सगळं ऐकू येत होतं.

तिने मला का मारलं, ते पुढच्या आठवड्यात कळलं. अंगावरच्या नक्षीवरून आमच्या दोन जाती अगदी सारख्या दिसतात. एक सगळीकडे आढळते. दुसरी कुणाला दिसत नाही. फरक आहे तो शेपटाकडच्या भागात, आणि तो बघायचा तर पोट वेगळं काढून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात गरम करावं लागतं. ज्या चिमट्याने ती मनगटी घड्याळातली केसासारखी स्प्रिंग उचलायची, त्याच चिमट्याने तिने माझं पोट उचललं. दुपारची वेळ, शटर अर्धं ओढलेलं. माझ्या देहाचे दोन भाग झाले. एक टाचणीवर, एक काचपट्टीवर. आवडलं असेल का मला? पण एक सांगतो, तिने त्यातला एक कणही वाया घालवला नाही.

मग तिने जुन्या पुस्तकातलं चित्र समोर ठेवलं. नव्वद वर्षांपूर्वी कुणा एका माणसाला व्हरांड्यातल्या दिव्यावर एकच पतंग सापडला होता. त्याचं वर्णन झालं, चित्र झालं, नाव ठेवलं गेलं, आणि त्यानंतर ती जात कुणालाही दिसली नाही. ती काय खाते, कुठल्या झाडावर वाढते, त्या रकान्यात लिहिलं होतं, "अज्ञात". तिने माझी काचपट्टी पाहिली, चित्र पाहिलं, पुन्हा काचपट्टी पाहिली. चार वेळा. मग भिंग काढून डोळे पुसले.

तेवढ्यात शटरखालून एक गिऱ्हाईक वाकून म्हणालं, "बाई, झालं का?"

"नव्वद वर्षांनी सापडलं," ती म्हणाली.

"माझं तर मागच्या आठवड्यात दिलंय," ते बिचारं घाबरून म्हणालं.

मला घरी नेऊन तिने नवऱ्याला सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे आता काय होणार?"

"काही नाही. आता कळलं की हा तुती खातो. आता कुणालाही तो शोधता येईल. झाड माहीत नव्हतं म्हणून सापडत नव्हता."

"एवढंच?"

"एवढंच म्हणजे किती, ते तुम्हाला नाही कळायचं."

"सांग ना मग," तो म्हणाला, आणि खुर्ची ओढून बसला. तिने पहिल्या वहीपासून सांगायला सुरुवात केली. त्या रात्रीचं जेवण दोघांनी गार खाल्लं, एवढं मला ठाऊक आहे. आणि त्याच वेळी माझा तिच्यावरचा निम्मा राग गेला. मारलं तर मारलं, कशासाठी ते तिला नीट माहीत होतं.

तिने माझी चिठ्ठी लिहिली. नखाएवढा कागद, निळी शाई, मुंगीसारखं अक्षर. नाल्याकाठची गल्ली, घड्याळाच्या दुकानामागची तुती. पान तोडलं ती तारीख, पतंग बाहेर आला ती तारीख, खाली तिचं नाव. चिठ्ठी माझ्याच टाचणीत खोचली. ज्या पानात मी वाढलो ते वहीत दाबून वाळवलं होतं. त्याच्या फोडातून माझ्या कोषाची रिकामी साल अजून अर्धी बाहेर डोकावत होती. म्हणजे पतंग याच पानातून निघाला, याहून वेगळा पुरावा कशाला हवा? मी, माझी काचपट्टी आणि माझं पान, असे तिघे आम्ही एका खोक्यात बसून संग्रहालयात गेलो. डेपोतल्या गाडीने, खिडकीजवळच्या जागेवर, तिच्या मांडीवर.

संग्रहालयात कीटकांच्या विभागाचे प्रमुख होते. सगळे त्यांना साहेब म्हणत. त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि खुर्चीतून अर्धे उठले.

"हे तुम्ही केलंत? स्वतः?"

"हो साहेब."

"घड्याळं दुरुस्त करता म्हणालात ना?"

"हो."

"वा," ते म्हणाले, आणि चहा मागवला. "ठेवून जा. मी नीट तपासतो आणि कळवतो."

तिने भीत भीत विचारलं, "पोच मिळेल का?"

"अहो, पोच कसली? आपण एकाच कामातली माणसं."

ती हरखून गेली. एकाच कामातली माणसं, हे तिला पंधरा वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. परतीच्या वाटेवर मी तिच्याबरोबर नव्हतो, पण ती कशी गेली असेल ते मला दिसत होतं.

आता साहेबांचं सांगतो. दूरच्या एका डोंगरावरच्या राखीव जंगलाची ते पाच वर्षं पाहणी करत होते. पाच वर्षांत तिथे नवीन असं काही हाती लागलं नव्हतं आणि अहवाल तोंडावर आला होता. मी त्यांच्या टेबलावर तीन दिवस पडून होतो. चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी खोलीचं दार लोटलं, चिमटा घेतला आणि माझ्या टाचणीतून तिची चिठ्ठी ओढून काढली. छापील चिठ्ठी तयारच होती, ती खोचली. "राखीव जंगल, डोंगरमाथा. दिव्याकडे आलेला." खाली गोळा करणाऱ्याचं नाव, त्यांचं स्वतःचं.

निळ्या शाईची चिठ्ठी टोपलीत गेली. तिच्यामागोमाग पानही गेलं, कारण त्या डोंगरावर तुती औषधालाही नाही. पान ठेवलं असतं तर ते बोललं असतं.

मी तो डोंगर पाहिलेला नाही. त्याची हवा मला लागलेली नाही. मी नाल्याकाठचा, सांडपाण्याच्या वासात वाढलेला. माझं पोट कापून, उकळून जे एक खरं हाती आलं होतं ते एवढंच, की हा तुती खातो. साहेबांनी तेवढंच फेकलं. त्यांच्या लेखात त्या रकान्यात पुन्हा लिहिलं गेलं, "अज्ञात". चोराने घर लुटलं तर निदान चोरलेली वस्तू वापरतो तरी. यांनी माझा देह ठेवला आणि त्यातला अर्थ केरात टाकला. त्या दिवशी मला आवाज असता तर काचा फुटल्या असत्या.

पुढचं बरंचसं मला नंतर कळलं, ती आणि मामा माझ्या खणाजवळ उभं राहून बोलायचे त्यातून. मामा म्हणजे संग्रहालयातले शिपाई. तीस वर्षं आमचे खण पुसायचे, डांबरगोळ्या बदलायचे, वाळवीवर नजर ठेवायचे.

तिला बातमी नवऱ्याने दिली. डेपोत पेपर वाचता वाचता त्याने साहेबांचा फोटो पाहिला. घरी आला आणि पेपर तिच्यासमोर ठेवला. "तुझा किडा पेपरात आलाय. डोंगरावर गेला म्हणे."

तिने दोनदा वाचलं. "छपाईत गडबड झाली असेल," ती म्हणाली.

"गडबडीत तुझं नाव जाऊन त्यांचं कसं आलं?"

तिने साहेबांना पत्र लिहिलं. मग दुसरं लिहिलं. उत्तर आलं नाही. ती तेवढ्यावर गप्प बसलीही असती. नावासाठी भांडणारी ती नव्हे. पण त्याच महिन्यात नाल्याचं काम निघालं आणि चारही तुतींच्या बुंध्यांवर लाल रंगाच्या फुल्या पडल्या.

ती नगरपालिकेच्या इंजिनिअरकडे गेली. तरुण माणूस, बोलायला सरळ. त्याने तिला बसायला सांगितलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"ताई, झाडं पाडायची हौस मला नाही. पण कारण लेखी लागतं."

तिने वही पुढे केली. त्याने वही चाळली, मग फोनवर साहेबांचा लेख काढून तिच्यासमोर धरला. "यात तर डोंगर लिहिलंय. आणि झाड अज्ञात. मी कशाच्या आधारावर काम थांबवू?"

"हे चुकलंय."

"असेल. मग त्यांच्याकडून एक ओळ आणा. संग्रहालयाच्या कागदावर, सही-शिक्क्यासह, की हा किडा या झाडांवर सापडला. मी मागची दोन झाडं वाचवतो. नाला थोडा वळवून घेता येईल. शनिवारी काम सुरू होतंय, त्याच्या आत आणा."

तो गुरुवार होता. ती तिथून तशीच संग्रहालयात आली. साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं आणि माझा खण कुणाला तरी दाखवायला बाहेर काढलेला, त्यामुळे हे मी स्वतः ऐकलं.

"साहेब, माझं नाव नका लिहू. झाडाचं लिहा," ती म्हणाली. "एक ओळ द्या फक्त."

साहेब आवाज न चढवता बोलायचे. "बाई, जरा समजून घ्या. नाल्याकाठी, दुकानामागे सापडला म्हटलं असतं तर कुणी धरली असती तुमची नोंद? मी होतो म्हणून ही जात जगापुढे आली."

"डोंगरावर तुती आहे का साहेब?"

"नसेल."

"मग तिथे हा काय खातो?"

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. मी ओरडत होतो, खणाच्या काचेखाली, टाचणीवर. कुणाला ऐकू जाणार?

तेव्हा दाराशी उभे असलेले मामा आत आले. खाकी शर्टाच्या खिशातून त्यांनी एक पाकीट काढलं आणि टेबलावर पालथं केलं. निळ्या शाईची चिठ्ठी पडली. मागून पान, कडेला चुरलेलं, पण फोड शाबूत.

"तुमच्या टोपलीत होतं," मामा म्हणाले. "चुकून पडलं असेल म्हणून ठेवलं जपून."

साहेबांनी चिठ्ठीकडे पाहिलं, पण हात लावला नाही. मग टेबलावरचे कागद सारखे करत म्हणाले, "बरं. बघतो मी. सोमवारी या."

"साहेब, शनिवारी झाडं पडतील."

"सोमवारी या म्हटलं ना."

सोमवारी या. तुम्ही माणसं एकमेकांना हे किती सहज म्हणता. आमच्यातला पतंग सोमवार ते सोमवार जगत नाही.

मामांनी पाकीट तिच्या हातात दिलं. ती धावतपळत पुन्हा इंजिनिअरकडे गेली. त्याने चिठ्ठी पाहिली, पान पाहिलं, भिंग मागून घेऊन फोडही पाहिला. खूप वेळ पाहिला.

"मला पटतंय ताई. पण ही चिठ्ठी तुमच्याच हातची. फाइलला हे कसं लावू?"

शनिवारी सकाळी करवती आल्या. चार झाडांना दोन तास पुरले. सोमवारी ती वेळेवर संग्रहालयात हजर झाली, तर साहेब जागेवर नव्हते. दौऱ्यावर गेले होते. डोंगरावर, दिवे आणि पडदे घेऊन, सोबत चार विद्यार्थी. माझे आणखी भाऊबंद शोधायला.

हसा. मला नाही हसू येत.

आता तिच्या नवऱ्याचं सांगायला हवं. बर्फाच्या कप्प्यावरून कुरकुरणारा तो माणूस शनिवारी कामावर गेला नाही. झाडं आडवी झाली तशी दोघं पोती घेऊन फांद्यांत शिरली. फोडाचं पान कसं ओळखायचं ते तिने त्याला दोन मिनिटांत शिकवलं. मजूर बघत होते. एकाने विचारलं, "काका, काय हरवलंय?"

"आमची माणसं आहेत यात," तो म्हणाला, आणि पानं उलटी करत राहिला.

एकोणतीस पानं मिळाली. घरात बाटल्या पुरेनात, तेव्हा लोणच्याच्या बरण्या रिकाम्या झाल्या. त्यातून अकरा पतंग निघाले. या वेळी बर्फाचा कप्पा कुणी उघडला नाही. पण सोडायचे कुठे? गावात दुसरी तुती कुठे आहे ते तिला माहीत नव्हतं. नवऱ्याने डेपोत प्रत्येक ड्रायव्हरला गाठलं. "तुमच्या मार्गावर तुतीचं झाड आहे का हो?" काहींना वाटलं, याचं डोकं फिरलं. तिसऱ्या दिवशी एक ड्रायव्हर म्हणाला, शेवटच्या थांब्यावर गाडी वळवतो तिथे पाण्याच्या टाकीमागे एक आहे, छपरावर फळं पडून डाग पडतात. दोघं पहिल्या गाडीने गेली. बरण्यांची तोंडं उघडली. अकरातला एक बराच वेळ काचेलाच चिकटून बसला होता, त्याला तिने फुंकर घातली.

तिने परत आणून दिलेली निळी चिठ्ठी मामांनी माझ्या टाचणीत पुन्हा खोचली, छापील चिठ्ठीच्या खाली. साहेबांनी ते पाहिलं. चिठ्ठी पुन्हा काढायचं धाडस त्यांना झालं नाही, पण आठवडाभरात मामांची बदली तिकीट खिडकीवर झाली. आता डांबरगोळ्या बदलायला कुणी फिरकत नाही. मामाच कधीमधी जेवणाच्या सुट्टीत येतात आणि आमचे खण बघून जातात. ती आली की तिला बरोबर आणतात.

पुढच्या वर्षी पाण्याच्या टाकीमागच्या तुतीवर तिला सहा फोड सापडले. तिने वहीत लिहिलं. ठिकाण, झाड, तारीख, पानाची बाजू. कुठून कसं कानावर गेलं कोण जाणे, पण साहेबांचं तिला पत्र आलं. आपण काही नवीन नोंदी केल्याचं समजतं. नमुन्याशिवाय नोंद ग्राह्य धरता येत नाही, तरी नमुना पाठवावा.

तिने उत्तर दिलं ते मामांनी मला वाचून दाखवलं, कारण ते उघडं पत्र तिने तिकीट खिडकीवर त्यांच्याच हाती दिलं होतं. त्यात दोनच वाक्यं होती. "एक नमुना आपल्याकडे आहे. आधी त्याची नोंद दुरुस्त करावी."

ते पत्र साहेबांनी माझ्या खणाशी उभं राहून वाचलं. खण उघडला. काच काढली. त्यांचा श्वास माझ्या झालरीला लागला. खिशातल्या पेनाकडे त्यांचा हात गेलेला मी पाहिला, आणि वेड्यासारखा वाट बघत राहिलो. मग त्यांनी काच बसवली आणि खण लोटला.

त्याला सात महिने झाले. कागदावर मी अजून डोंगरावरच आहे. दर मोसमात कुणीतरी शहाणा माणूस दिवे घेऊन तिथे जातो, हात हलवत परत येतो आणि लिहितो की ही जात बहुधा संपली. ती संपलेली नाही. चुकीच्या झाडाखाली उभं राहून तुम्ही हाका मारताय.

तिच्यावरचा माझा उरलेला रागही गेला, असं मी म्हणणार नाही. एकदा उडायचं होतं मला. पण ती येते, खणाशी उभी राहते, भिंग न लावता नुसती बघते, आणि एकदा तर हळूच म्हणाली, "तुझं काही करता आलं नाही रे." तिच्याकडून मला याहून जास्त नको. मला हवं ते साहेबांकडून, आणि ते देणार नाहीत.

म्हणून तुम्हाला सांगतो, जे कुणी त्यांच्यानंतर हा खण उघडाल त्यांना. झुरळाने कुरतडलं नाही तर मी इथेच असेन, डावीकडून तिसरा, पोट नसलेला. माझ्या टाचणीत दोन चिठ्ठ्या दिसतील. निळ्या शाईची खरी आहे, तिच्यावरून नोंद करा, आणि झाडाचं नाव आधी लिहा. छापील चिठ्ठी मात्र काढून फेकू नका. तीही राहू द्या, जिथे आहे तिथे, नावासकट. खोटं कोण बोललं, तेही नोंदलं गेलं पाहिजे.